'घरघर': जात्याची आणि घशाची

'घरघर' हा शब्द आवाजातूनच जन्मला. संस्कृतात तो 'घर्घर' असा आढळतो. उत्तरेतील घाघरा नदीचे नावही त्याच कुळातले. आमच्या गंगाखेडची जनाबाई पंढरपुरी नामदेवांच्या (१२७०–१३५०) घरी दळण दळी, असे परंपरा सांगते. त्या काळी पहाटेची घरघर म्हणजे घर जागे झाल्याची खूण. मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजालाही मराठीने हाच शब्द दिला. मला तो निष्ठुर वाटे. पण आजीला घरघर लागली त्या रात्री उशाशी बसलेली आत्या हळूच म्हणाली, "माय दळायला बसली बघ." गिरण्या आल्या आणि जात्याचा अर्थ मागे पडला, वृत्तपत्रांत आता घरघर लागते ती शाळांना नि साखर कारखान्यांना.