ड्राफ्टची यादी नेमकं काय मोजते?

दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेत तीन दिवस नावं पुकारली जातात. एनएफएल या व्यावसायिक फुटबॉल लीगचे ३२ संघ पाळीपाळीने कॉलेजांतून बाहेर पडणारे खेळाडू उचलतात. सात फेऱ्या होतात आणि साधारण २५५ नावं लागतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. १९३६ साली फिलाडेल्फियात पहिला ड्राफ्ट झाला, तेव्हा शिकागो विद्यापीठाच्या जे बरवॅंगरचं नाव सर्वांत आधी पुकारलं गेलं. तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. आज ड्राफ्टची शेवटची फेरी संपते न संपते तोच विद्यापीठांचे क्रीडा विभाग आपापले आकडे अभिमानाने जाहीर करतात, पुढच्या वर्षी येऊ घातलेल्या शाळकरी खेळाडूंना ते आवर्जून दाखवतात, आणि चाहतेही त्या आकड्यावरून कोचची लायकी ठरवून मोकळे होतात. खेळांतल्या आकडेवारीचा अभ्यास हा माझा विषय आहे. एखाद्या कॉलेजचा फुटबॉल कार्यक्रम यशस्वी आहे की नाही हे ड्राफ्टच्या संख्येवरून ठरवता येतं का, या प्रश्नाला माझं उत्तर नकारार्थी आहे. ही संख्या निरर्थक मुळीच नाही. पण ती मोजते एक गोष्ट आणि आपण तिच्यातून वाचतो दुसरीच.

त्यासाठी एक साधी पद्धत वापरू. जय-पराजयाचा हिशेब एकसारखा असलेले हंगाम निवडायचे आणि त्यांच्यापुढे ड्राफ्टचे निकाल मांडायचे. आठ विजय, पाच पराभव हा कॉलेज फुटबॉलमधला अगदी मध्यम हंगाम: नाव घेण्यासारखा नाही, लाज वाटण्यासारखाही नाही. नॉर्थ कॅरोलायनाने २०१० मध्ये नेमकी हीच कामगिरी केली आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांचे नऊ खेळाडू निवडले गेले. टेक्सासने २०१३ मध्ये तीच कामगिरी केली, नियमित हंगामाच्या शेवटच्या दिवशी ते आपल्या गटाच्या विजेतेपदाच्या शर्यतीतही होते, आणि २०१४ च्या ड्राफ्टमध्ये त्यांचा एकही खेळाडू घेतला गेला नाही. टेक्सासवर अशी वेळ १९३७ नंतर प्रथमच आली होती. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये आठ सामने जिंकून पाच गमावले आणि त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा, जॅरेड गॉफ ड्राफ्टमध्ये पहिला आला. यूएससीचा २०२३ चा हिशेबही तोच, आणि त्यांचा केलेब विल्यम्सही पहिलाच. डोंगराळ वायोमिंगनेही २०१७ मध्ये आठ-पाच केलं, तिथला जॉश ॲलन सातव्या क्रमांकावर गेला. विजय तेवढेच, पराभव तेवढेच. ड्राफ्टची बाजू मात्र शून्यापासून नऊपर्यंत आणि अगदी पहिल्या क्रमांकापर्यंत पसरलेली. नॉर्थ कॅरोलायनाचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. त्या नऊ जणांतले रॉबर्ट क्विन, मार्विन ऑस्टिन आणि ग्रेग लिट्ल हे कॉलेज खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या चौकशीमुळे त्या हंगामात एकही सामना खेळले नव्हते. मैदानावर न उतरलेले खेळाडू यादीत विद्यापीठाच्या नावावर जमा झाले.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनदार आहे. विजेत्यांकडे पाहा, असं म्हटलं जातं. एलएसयूने २०१९ चा हंगाम पंधरापैकी पंधरा सामने जिंकून संपवला आणि लगेचच्या ड्राफ्टमध्ये त्यांचे १४ खेळाडू गेले. जॉर्जिया २०२१ चा विजेता, पुढच्या ड्राफ्टमध्ये १५ खेळाडू. सात फेऱ्यांची पद्धत १९९४ मध्ये आल्यापासूनचा हा विक्रम. मिशिगनने २०२३ मध्ये सर्वच्या सर्व पंधरा सामने जिंकले, त्यांचे १३ गेले. ओहायो स्टेट २०२४ चा विजेता, त्यांचे १४. मायामीच्या २००१ च्या अपराजित संघातले तर पुढच्या काही वर्षांत मिळून ३८ जण निवडले गेले, त्यांतले १७ पहिल्या फेरीत. हा योगायोग नाही, हे मला मान्य आहे. पण दोन गोष्टी बरोबर चालतात तेव्हा तिसरी कोणती दोघींना ओढते आहे, हे आधी बघायला हवं. इथे ती तिसरी गोष्ट म्हणजे रिक्रूटिंग, शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलांची भरती. अमेरिकेत सतरा-अठरा वर्षांच्या खेळाडूंना तारे देऊन त्यांची प्रतवारी लावली जाते. बड इलियट या पत्रकाराने एक सोपा निकष मांडला: गेल्या चार वर्षांत भरती केलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक मुलं चार किंवा पाच ताऱ्यांची आहेत का? अलीकडचे बहुतेक विजेते या चाळणीतून पार पडतात. म्हणजे शर्यत सुरू होण्यापूर्वीच घोडे निवडून घेतलेले असतात. त्याच घोड्यांमुळे सामनेही जिंकले जातात आणि ड्राफ्टची यादीही लांबते. आपल्याकडे जेईईचे निकाल लागले की कोचिंग क्लासेसचे टॉपर्सच्या फोटोंचे फलक चौकाचौकांत लागतात. त्यांतली किती मुलं प्रवेश-परीक्षा घेऊन, फी माफ करून आधीच वेचून आणली होती, हे फलकावर नसतं. ड्राफ्टची यादी मला तशीच वाचावीशी वाटते.

पण भरतीचा दर्जा वजा केला, तरी आणखी एक अडचण उरते. एनएफएलचे संघ कॉलेजमध्ये काय घडलं त्याचं बक्षीस देत नाहीत, ते पुढे काय घडेल यावर पैसे लावतात. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ भरतं. तिथे खेळाडू एकेकटा धावपट्टीवर येतो, हात जमिनीला टेकवून वाकतो आणि चाळीस यार्ड सरळ पळतो. समोर चेंडू नसतो, प्रतिस्पर्धी नसतो, शेजारी आपल्या संघातलं कुणी नसतं. उंची, वजन, पंजाची लांबी, हाताची लांबी, उडी, सगळं मोजून नोंदवलं जातं. टेक्सास ए अँड एमचा शेमार स्टुअर्ट २०२५ मध्ये तिथे १२० किलोंच्या देहानिशी ४.५९ सेकंदांत पळाला. बचावफळीच्या टोकावर खेळणाऱ्याचं मुख्य काम म्हणजे समोरच्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकण्याआधी खाली पाडणं, म्हणजेच सॅक. स्टुअर्टच्या नावावर कॉलेजच्या तिन्ही वर्षांत मिळून साडेचार सॅक होते. तरीही सिनसिनाटी बेंगल्सने त्याला पहिल्या फेरीत सतराव्या क्रमांकावर घेतलं. (ए अँड एमचा त्या वर्षीचा हंगामही आठ-पाचच होता.) २०२२ मध्येही असंच झालं. मिशिगनच्या एडन हचिन्सनचे आदल्या हंगामात १४ सॅक होते, जॉर्जियाच्या ट्रॅव्हॉन वॉकरचे सहा. पहिलं नाव वॉकरचं पुकारलं गेलं. यात संघांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. बावीस वर्षांच्या तरुणाचं शरीर आणखी काय करू शकेल याचा अंदाज बांधणं हेच त्यांचं काम आहे. पण त्या अंदाजाला कॉलेजच्या संघाचं प्रगतिपुस्तक मानण्याला आधार नाही.

याची दुसरी बाजू मला अधिक अस्वस्थ करते. बॉयझी स्टेटचा केलन मूर चार वर्षं क्वार्टरबॅक होता. त्याने सुरुवात केलेल्या सामन्यांत ५० विजय, फक्त तीन पराभव. सर्वोच्च श्रेणीच्या कॉलेज फुटबॉलमध्ये इतके विजय त्याआधी कोणत्याही क्वार्टरबॅकने मिळवले नव्हते. उंची बेताची, फेकीत फारसा जोर नाही. २०१२ च्या ड्राफ्टमध्ये सातही फेऱ्यांत त्याचं नाव आलं नाही. यादीच्या हिशेबाने कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत विजयी क्वार्टरबॅक म्हणजे शून्य. किंवा लष्करी अकादमीचा, म्हणजे आर्मीचा संघ घ्या. ते ट्रिपल ऑप्शन खेळतात. क्वार्टरबॅक चेंडू हातात आल्याबरोबर तो मधून धावणाऱ्या फुलबॅकच्या पोटाशी नेतो आणि समोरच्या एकाच बचावपटूकडे पाहतो. तो आत धावला तर चेंडू मागे ओढून स्वतः कडेला पळायचं, तो थांबला तर चेंडू फुलबॅककडेच सोडायचा; कडेला दुसरा बचावपटू आडवा आला तर बाजूने धावणाऱ्या साथीदाराकडे हलकेच टाकायचा. शरीराने उजव्या असलेल्या संघांना थकवणारी ही पद्धत अकरा जणांनी श्वासासारखी एकत्र पाळावी लागते. २०२४ मध्ये आर्मीने १२ सामने जिंकले, फक्त दोन गमावले, आणि आपल्या इतिहासात पहिल्यांदा एका गटाचं विजेतेपद मिळवलं. क्वार्टरबॅक ब्रायसन डेलीने स्वतः धावत ३२ टचडाउन केले, सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला मिळणाऱ्या हाइसमन ट्रॉफीच्या मतदानात तो सहावा आला. ड्राफ्टमध्ये त्याला कोणी घेतलं नाही, कारण तो ज्यात निष्णात आहे ती पद्धत एनएफएलमध्ये कोणी खेळत नाही. शिवाय अकादमीतून पदवी घेणाऱ्यावर लष्करी सेवेचं बंधन असतं. कमी साधनांतून मोठं यश उभं करणं हेच जर कोचचं कौशल्य असेल, तर ते दिसणारी जागा ड्राफ्टच्या यादीत नाही.

काळाचाही घोळ आहे. आज निवडला जाणारा खेळाडू तीन ते पाच वर्षांपूर्वी भरती झालेला असतो. त्यामुळे यादी भूतकाळाचा उजेड दाखवते. मायामीचा सलग १४ वर्षं, १९९५ ते २००८, पहिल्या फेरीत खेळाडू देण्याचा विक्रम होता. अलाबामाने तो पुढे मोडला. त्या विक्रमाच्या शेवटच्या दोन वर्षांकडे बघा. २००६ मध्ये मायामीने सात सामने जिंकले, सहा गमावले आणि कोचला काढून टाकलं. तरी २००७ च्या पहिल्या फेरीत त्यांचे तिघे गेले. पुढच्या हंगामात पाच विजय आणि सात पराभव. ऑरेंज बोल या जुन्या मैदानावरच्या मायामीच्या शेवटच्या सामन्यात व्हर्जिनियाने त्यांना ४८-० असं धुतलं. तरी २००८ मध्येही पहिल्या फेरीत एक नाव लागलं आणि विक्रम अबाधित राहिला. घर पोकळ होत चाललं होतं, पण दारावरची पाटी चमकत होती.

अलीकडे तर श्रेय कोणाचं हाच प्रश्न झाला आहे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नोंदयादी, आलं आणि २०२१ पासून खेळाडूंना एक हंगाम बाहेर न बसता कॉलेज बदलता येऊ लागलं. ड्राफ्टच्या नोंदीत फक्त शेवटचं कॉलेज लिहिलं जातं. २०२५ चा पहिला खेळाडू कॅम वॉर्ड मायामीच्या नावावर आहे. तो इन्कार्नेट वर्ड या छोट्या कॉलेजात घडला, मग वॉशिंग्टन स्टेटला गेला, मायामीत एकच हंगाम खेळला. ज्या कोचने कोणी विचारत नसताना या मुलाला हेरलं, त्याच्या कॉलेजच्या खात्यात काहीच जमा नाही. मला हा सरळ अन्याय वाटतो.

आता दुसरा आक्षेप. खेळाडू घडवणं हेही कॉलेजचं कामच ना, मग घडलेले खेळाडू मोजले तर बिघडलं कुठे? हा आक्षेप मी आनंदाने स्वीकारतो, कारण माझं म्हणणं त्यानेच पूर्ण होतं. आलेला माल आणि निघालेला माल यांतला फरक मोजा. सिनसिनाटीने २०२१ मध्ये १३ सामने जिंकून चार संघांच्या प्लेऑफमध्ये जागा मिळवली. छोट्या गटांतल्या कोणालाही तोवर ते जमलं नव्हतं. पुढच्या ड्राफ्टमध्ये त्यांचे नऊ खेळाडू गेले. चौथ्या क्रमांकावर निवडला गेलेला सॉस गार्डनर शाळेतून आला तेव्हा तीन ताऱ्यांचा होता. जे. जे. वॉट सेंट्रल मिशिगनची शिष्यवृत्ती सोडून विस्कॉन्सिनला वॉक-ऑन म्हणून, म्हणजे पदरचे पैसे भरून आला आणि २०११ मध्ये अकराव्या क्रमांकावर गेला. आयोवाने २०१९ मध्ये एकाच वर्षी पहिल्या फेरीत टाइट एंड या एकाच जागेवरचे दोन खेळाडू दिले. एका कॉलेजने असं करण्याची ती पहिलीच वेळ होती. अशा ठिकाणी ड्राफ्टचा आकडा खरोखर कोचिंगबद्दल बोलतो. जॉर्जियाच्या १५ पेक्षा सिनसिनाटीच्या नऊ जणांना मी जास्त गुण देईन. जॉर्जियाने मेहनत कमी केली म्हणून नव्हे. त्यांच्या दारात उभा राहिलेला मुलगा आधीच अर्धा व्यावसायिक होता, म्हणून.

तिसरा आक्षेप खेळाडूच्या बाजूने येतो आणि तो मला सर्वांत गंभीर वाटतो. मुलाचं स्वप्न एनएफएलचं आहे. संघ कितीही सामने जिंकेना, त्याच्या दृष्टीने ड्राफ्ट हेच यश. बरोबर आहे, आणि त्या मुलाने कॉलेज निवडताना ही यादी जरूर पाहावी. पण एनसीएएच्याच अंदाजाप्रमाणे ड्राफ्टसाठी पात्र ठरणाऱ्या कॉलेज खेळाडूंपैकी जेमतेम १.६ टक्के व्यावसायिक फुटबॉलपर्यंत पोचतात. वरच्या दर्जाच्या कॉलेजांत हे प्रमाण अधिक असतं, तरी तिथेही शिष्यवृत्तीच्या २०२४ पर्यंत असलेल्या ८५ जागांपैकी बऱ्याच जागांवरची मुलं कधीच निवडली जात नाहीत. गुडघे, खांदे, डोक्यावरचे आघात त्यांच्याही वाट्याला तेवढेच येतात. ज्या कार्यक्रमाच्या यशाची व्याख्या निवडल्या गेलेल्या मोजक्यांवर संपते, त्याने उरलेल्यांना हिशेबातून आधीच वगळलेलं असतं. हे मला मान्य नाही. त्या मुलांना पदवी मिळाली का, हा प्रश्न फुटबॉलबाहेरचा नाही. विद्यापीठ या संस्थेने फुटबॉल चालवण्याचं समर्थन त्यावरच उभं आहे.

म्हणून माझा क्रम असा: आधी सामने, कोणाविरुद्ध आणि कसल्या भरतीवर जिंकले ते पाहून, मग आलेल्या आणि घडलेल्या खेळाडूंमधला फरक, मग पदवी. ड्राफ्टची संख्या या तिन्हींना पुरावा म्हणून जोडावी, त्यांच्या जागी बसवू नये. अमेरिकेत राहणाऱ्या ज्या मराठी घरांत मुलं या विद्यापीठांत जातात आणि शनिवारी त्यांचे रंग अंगावर चढवून सामने बघतात, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं: एनसीएए प्रत्येक विद्यापीठाच्या खेळाडूंचं पदवी मिळवण्याचं प्रमाण खेळवार जाहीर करते. फुटबॉलची ओळ काढा आणि एप्रिलमध्ये अभिमानाने सांगितल्या जाणाऱ्या आकड्याशेजारी ती ठेवून वाचा.