झेंडा पंचाचे कर्तव्य

सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस, सांगोला, मंगळवेढा या तालुक्यांच्या माळरानांवर यात्रेच्या निमित्ताने बैलगाड्यांच्या शर्यती भरतात, आणि त्यांत झेंडा पंच म्हणून मी अनेक हंगाम उभा राहत आलो आहे. छकड्यावर बसणारा गडी बहुधा एरवी शेत कसणारा. हौस त्याची, बैल दुसऱ्याचा आणि इभ्रत साऱ्या गावाची. या तिहींचा भार एका कासऱ्यावर आला म्हणजे भल्याभल्यांचा संयम सुटतो, हे ज्याने ध्यानी घेतले नाही त्याने पंचाचा झेंडा हाती घेऊ नये.

शिस्त जोड्या सुटण्याच्या क्षणी लागत नाही. ती जू मानेवर चढण्यापूर्वी लावावी लागते. पशुवैद्याचा दाखला पाहून झाल्यावरही मी बैलाच्या शेपटीवरून बोटे फिरवितो, कारण दातांनी चावल्याची खूण केसांखाली लपून राहते. मग चालकाला मूठ उघडावयास लावतो, बाह्या नि कंबर चाचपतो, कारण टोचणी किंवा विजेचा धक्का देणारी बॅटरी दडविण्यास तेवढी जागा पुरते. मालक कितीही मातबर असला तरी ही झडती त्याच्या चालकालाही चुकत नाही.

शर्यत निशाणावर संपते असे प्रेक्षकांस वाटते. परंतु भरधाव जोडी तेथे थांबत नसते, आणि खरा अपघात त्या रेषेपलीकडेच टपून असतो. म्हणून पुढचे रान मोकळे आणि दोन्ही बाजूंची गर्दी अडथळ्यांमागे गेल्याखेरीज इशारा द्यावयाचा नाही. मोटारींच्या शर्यतीत पिवळे निशाण दिसताच कोणी कोणास ओलांडू नये असा दंडक आहे, आणि वेगाने बेभान झालेला चालकही तो पाळतो, कारण शिक्षा अटळ आहे हे तो जाणून असतो. आमच्याकडेही आपला तास, म्हणजे धावण्याची नेमलेली पट्टी, सोडून शेजारच्या तासात शिरलेली जोडी पहिली आली तरी बाद झालीच पाहिजे, आणि तो निकाल जागच्या जागी, सर्वांसमक्ष जाहीर झाला पाहिजे.

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या शर्यतींवर बंदी घातली, ती प्राण्यांच्या छळापायी. २०१७ साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, १६ डिसेंबर २०२१ रोजी सशर्त मुभा मिळाली, आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, धावपट्टी १००० मीटरांहून लांब चालत नाही, काठी-चाबकास मनाई आहे. परंतु सरकारी हुकूम मैदानाच्या वेशीपर्यंत येतो. आत त्याचा अंमल करणारा पंचच असतो.

बैलाला फिर्याद गुदरता येत नाही. ती पंचाने आपल्या डोळ्यांनी वाचून घ्यावयाची असते. जो पंच ओळखीपाळखीचा मुलाहिजा राखून एका चालकाचा कसूर पोटात घालतो, तो सगळ्या हौशी चालकांना मोठ्या सायासाने मिळालेली परवानगी गहाण टाकतो, आणि तसे करण्याचा अधिकार त्याला कोणीही दिलेला नाही.