मोडलेले जॉब

‘साहित्याचा अपव्यय’ असा शेरा माझ्या नावापुढे पडला, आणि तो अजून डोक्यातून जात नाही.

मी आयटीआयमध्ये वेल्डर ट्रेडचा निदेशक. आठवी पास मुलं, एका वर्षाचा कोर्स, त्यातच थिअरी नि ड्रॉइंग. असो.

तपासणीला आलेले साहेब म्हणाले, मुलांचे जॉब दाखवा. कपाटात मोजकेच होते. बाकीचे भंगाराच्या पेटीत, तेही दोन तुकडे झालेले. मी एक उचलून त्यांच्या हातात दिला. १० मिमी पट्टीचा टी जॉइंट, एकाच बाजूने टाका मारलेला. वरून बघाल तर झकास, खवले अगदी एकसारखे. पण पोराकडूनच तो व्हाइसमध्ये धरवला आणि उभी पट्टी टाक्याच्या अंगाला हातोड्याने पाडायला लावली. टाका मुळातून उकलला. आत पट्टीची कडा कापली होती तशीच, सरळ रेघ! म्हणजे कोपऱ्यात लोखंड वितळलंच नव्हतं. करंट कमी, नाहीतर रॉड लांब धरून घाईने ओढलेला. ‘आर्क छोटा ठेव’ म्हणून मी घसा कोरडा केला तरी न सुधारणारा हात ती रेघ पाहिल्यावर पुढच्याच रॉडला खाली येतो. हे सगळं मी साहेबांना सांगितलं. त्यांनी तुकडा उलटासुलटा केला आणि विचारलं, “पण हे रेकॉर्डला कसं दाखवणार?”

उद्या यातलीच काही मुलं उसाच्या ट्रॉलीचा हुक जोडतील. तिथे खवले कोण बघतो? माझं तर म्हणणं आहे, निम्मे मार्क जॉब मोडल्यावरच द्यावेत, आणि मोडलेल्या जागेतला दोष मुलाने स्वतःच्या तोंडाने सांगावा.

आता कपाटाला मी नावं ठेवतो खरी, पण पालक मेळाव्यात एकाची आई त्या काचेपुढून हलेना. मुलाच्या नावाची चिठ्ठी लावलेला जॉब बघत होती. तिला भंगाराची पेटी दाखवायची माझी काही छाती झाली नाही. तेव्हापासून प्रत्येकाचा एक जॉब अखंड ठेवतो.

शेऱ्याला मी लेखी उत्तर दिलंय: मोडलेल्या पट्ट्या ग्राइंडरवर साफ करून पुन्हा सरावाला घेतो, सबब अपव्यय नाही. रॉड मात्र जास्त लागतात, हे खरं. ते मी यंदाच्या मागणीपत्रातही जास्तच लिहिलेत.