डब्याचा वाली कोण?

लिनक्स म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? सर्व्हर रूम, काळी स्क्रीन आणि त्यावर पळणारी पांढरी अक्षरं. गाणं-बजावणं? छे! 'लिनक्सवर प्रोफेशनल रेकॉर्डिंग' एवढे तीन शब्द ऑफिसच्या कँटीनमध्ये उच्चारून बघा. निम्मे जण हसतील, उरलेले म्हणतील, "त्यापेक्षा मॅक घे ना यार!" एके काळी हा सल्ला बरोबरही होता. आता प्रकरण तेवढं सरळ राहिलेलं नाही, आणि हे मला शिकवलं आठ माइकच्या एका डब्यानं.

डबा म्हणजे ऑडिओ इंटरफेस. एका बाजूनं माइकच्या वायरी घ्यायच्या, आवाजाचे आकडे करायचे आणि ते कम्प्युटरच्या हवाली करायचे, एवढंच त्याचं काम. माझा डबा फायरवायरचा, सेकंडहँड, पण आवाज एकदम खणखणीत. आईच्या भजनी मंडळाला आठ माइक बरोब्बर पुरतात. पेटी, पखवाज, टाळ आणि पाच गळे!

लोचा झाला तो विंडोज बदलल्यावर. डबा गप्प. कंपनीला ईमेल केला, तर उत्तर आलं की या मॉडेलचा सपोर्ट बंद झालाय, नवीन मॉडेल बघा. आतला एकही पार्ट बिघडलेला नव्हता, बरं का! नवा आठ माइकचा डबा म्हणजे पगाराला भगदाड. आणि इकडे मंडळातल्या सर्वांत मोठ्या आजी ८१ वर्षांच्या. त्यांना येणारी कितीतरी पदं कुठल्याच वहीत नाहीत, आईलाही ती अर्धीमुर्धीच येतात. आजी म्हणाल्या, "अरे बाळा, तुझं मशीन चालू व्हायचं तेव्हा होईल. माझं मशीन किती दिवस चालणार, ते बघ आधी." यावर काय बोलणार?

शेवटचा उपाय म्हणून जुन्या डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवलं, उबुंटू स्टुडिओ टाकलं आणि डब्याचं बटण दाबलं. कंपनीनं ज्याला श्रद्धांजली वाहिली होती, त्याचे आठही माइक स्क्रीनवर हजर!

यामागचा फंडा समजून घेण्यासारखा आहे. विंडोज आणि मॅकवर अशा डब्याचा ड्रायव्हर बहुतेक वेळा कंपनीच लिहिते. तिचा इंटरेस्ट संपला, की ड्रायव्हर संपतो. लिनक्समध्ये ड्रायव्हर थेट कर्नलच्या पोटात असतो आणि त्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो. ज्याला गरज, तो दुरुस्त करतो. लिनक्सचा आवाज ज्यावर चालतो ती अल्सा नावाची यंत्रणाच मुळी अशी जन्मली. १९९८ मध्ये यारोस्लाव्ह किसेला यांनी ती सुरू केली, तीसुद्धा ग्रॅव्हिस अल्ट्रासाउंड या एका साउंड कार्डासाठी!

फायरवायरची गोष्ट तर आणखी भारी. हे तंत्रज्ञान वाढवण्यात ॲपलचा मोठा वाटा. पण २०२५ मध्ये आलेल्या मॅकओएस टाहोमधून ॲपलनंच त्याचा सपोर्ट काढून टाकला. लिनक्समध्ये मात्र ताकाशी साकामोतो या जपानी प्रोग्रामरनं २०२३ मध्ये ही जबाबदारी स्वतःकडे घेतली आणि २०२९ पर्यंत सांभाळीन असं जाहीर केलं. जन्मदात्यानं घराबाहेर काढलेल्या पोराला शेजारच्या काकांनी जेवू घालावं, तसंच हे.

आता तुम्ही म्हणाल, डबा चालला ठीक आहे, पण गाता येतं का? मुद्दा आहे लेटन्सीचा, म्हणजे आपलाच आवाज हेडफोनमध्ये किती उशिरा परत येतो त्याचा. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सव्वातीन-साडेतीन मीटरवरून ऐकणं. हॉलमध्ये पखवाज आणि टाळ यांच्यात एवढं अंतर सहज असतं, कुणाचं काही अडत नाही. त्यापुढे मात्र गाणारा गडबडतो. सेकंदाला ४८,००० नमुने घेताना १२८ नमुन्यांचा बफर ठेवला, तर एका बफरचे जेमतेम २.७ मिलिसेकंद होतात. जाणं-येणं आणि डब्याचा स्वतःचा वेळ धरूनही गाता येतं. आजींनी आयुष्यात पहिल्यांदा हेडफोन लावला, दोन ओळी गायल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, माझा आवाज असा आहे होय?" लेटन्सी टेस्ट पास!

हे एका रात्रीत झालेलं नाही. पॉल डेव्हिस, म्हणजे ॲमेझॉनच्या अगदी सुरुवातीच्या प्रोग्रामरपैकी एक, त्यांनी जॅक हा साउंड सर्व्हर आणि आर्डर हे मल्टिट्रॅक सॉफ्टवेअर उभं केलं. विम टायमन्स यांचं पाइपवायर २०२१ मध्ये फेडोरात डिफॉल्ट झालं, आणि ब्राउझरचा आवाज आणि स्टुडिओचा आवाज यांचं भांडण बरंचसं मिटलं. कर्नलनं वेळच्या वेळी काम उरकावं म्हणून जवळपास वीस वर्षं बाहेर वाढत असलेला रिअल-टाइमचा कोड २०२४ मध्ये, लिनक्स ६.१२ पासून, मुख्य कर्नलमध्ये आला.

सगळं गुलाबी आहे असं मात्र समजू नका. प्रो टूल्स लिनक्सवर येत नाही. कॉपी प्रोटेक्शनवाले बरेच प्लगइन्स रुसून बसतात. कित्येक कंपन्यांचं कंट्रोल सॉफ्टवेअर फक्त विंडोज आणि मॅकसाठी असतं, त्यामुळे आवाज येतो, पण डब्याच्या आतल्या मिक्सरला हात लावता येत नाही. फोकसराइटच्या स्कार्लेट मालिकेचं असंच होतं. मग जेफ्री बेनेट या ऑस्ट्रेलियन गड्यानं यूएसबीवरून काय जातं, काय येतं ते बघून बघून ड्रायव्हर लिहिला आणि वर एक सुटसुटीत कंट्रोल पॅनलही दिलं. पण प्रत्येक डब्याला असा बेनेट भेटतोच असं नाही.

म्हणून नवा डबा घ्यायला जाल, तेव्हा रंग आणि ब्रँडच्या आधी दुकानदाराला एक प्रश्न विचारा, "हा क्लास कम्प्लायंट आहे का?" म्हणजे यूएसबी ऑडिओचे ठरलेले नियम पाळणारा, कंपनीच्या ड्रायव्हरशिवाय चालणारा. या नियमांची दुसरी आवृत्ती २००६ मध्ये आली. लिनक्सनं ती २०१० मध्येच आपलीशी केली, विंडोजला स्वतःचा ड्रायव्हर मिळायला २०१७ उजाडलं. दुकानदार गोंधळला, तर साधं विचारा, "आयपॅडला नुसता लावला की चालतो का?" उत्तर 'हो' असेल, तर लिनक्सवरही आवाज बहुधा येईलच.

आणि घरात कुणाचा जुना फायरवायर डबा माळ्यावर पडला असेल, तर २०२९ फार लांब नाही. रेकॉर्ड करायचं ते आत्ताच करून घ्या. आमची सव्वीस पदं झालीत. आजी म्हणतात, अजून बरीच आहेत!