हलकी झाले, पण...

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. कारणं नेहमीचीच. शाळा, पेपर तपासणं, शेतातली सोंगणी आणि थोडा (खरं तर बराच) आळस. पण या वेळी आणखी एक कारण होतं, ते सांगायची जरा लाज वाटत होती. आता वाटत नाही, म्हणून लिहायला बसले.

गेल्या वर्षीच्या लग्नसराईत ज्या नातेवाइकांनी मला पाहिलं, त्यांना आठवत असेल. "अय्या, किती बारीक झालीस गं! काय केलंस?" हा प्रश्न मला त्या दोन महिन्यांत इतक्या वेळा विचारला गेला की मी उत्तर पाठच करून ठेवलं होतं. पाच महिन्यांत 78 वरून 66. बारा किलो! वयाच्या बावन्नाव्या वर्षी, रिसोडसारख्या गावात, रोज सकाळी रस्त्याने चालत जाऊन आणि जेवण कमी करून. जेवणाचं म्हणाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या दहा सल्ल्यांचा मीच काला केला होता. रात्रीचं जेवण बंद, भाकरी बंद, भात बंद, दूध बंद, शेंगदाणे तर "बाप रे, तेल!" म्हणून बंदच. उरलं काय? कोशिंबीर, पातळ वरण आणि अभिमान.

त्या अभिमानाचं काय झालं ते सांगते.

दिवाळीनंतरची गोष्ट. नवरोबा कामासाठी अकोल्याला मुक्कामी होते. घरात मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. वय 79, वजन असेल 48 किलो. पहाटे तीनच्या सुमारास धप्प असा आवाज आला. वीज गेलेली. मोबाइलच्या उजेडात जाऊन पाहते तर आई न्हाणीघराच्या दारात बसलेल्या, उजवं मनगट डाव्या हाताने धरून. डोक्याला लागलं नव्हतं, शुद्धीवर होत्या. मी म्हटलं, "आई, माझ्या गळ्यात हात टाका." टाकला. मी उठायला गेले आणि उठताच येईना. त्यांना उठवणं सोडाच, उकिडवी बसलेली मीच उठेना! मांड्या थरथरायला लागल्या. दुसऱ्यांदा प्रयत्न केला तेव्हा दोघीही फरशीवर.

आई म्हणाल्या, "राहू दे वं माय. मले उठवता उठवता तूच पडशीन. मंग दोघींले कोन उचलीन?"

त्या एवढ्या दुखण्यातही हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. शेजाऱ्यांना फोन केला, ते येईपर्यंत आम्ही दोघी भिंतीला टेकून बसून होतो. शेजारीण आली, तिने आणि तिच्या मुलाने आईंना अलगद उभं केलं. ही शेजारीण माझ्याहून चांगली पंधरा किलोंनी जड. तिला मी मनातल्या मनात "हिनेही जरा जेवण कमी करायला हवं" असं कितीतरी वेळा म्हटलं असेल.

(मध्येच एक सांगून ठेवते. डॉक्टरांनी नंतर बजावलं की पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला असं ओढून उठवायला जाऊच नये. आधी कुठे दुखतंय, पाय हलतो का, ते बघायचं. खुब्यात दुखत असेल तर हलवायचंच नाही. म्हणजे मला उचलता आलं नाही हे एका परीने बरंच झालं. पण त्याने माझं समाधान होईना.)

आईंचं मनगट मोडलं होतं. साध्या पडण्याने हाड मोडलं म्हणून हाडांची घनता मोजायची तपासणी झाली. डेक्सा म्हणतात तिला. ऑस्टिओपोरोसिस निघाला. डॉक्टरांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मॅडम, तुमची पाळी जाऊन किती वर्षं झाली?" तीन, म्हटलं. "आणि एवढ्यात वजन उतरवलंय?" मी मोठ्या अभिमानाने आकडा सांगितला. "मग तुमचीही करून घेऊ."

माझा टी-स्कोअर आला उणे 1.7. उणे 2.5 किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस, उणे 1 ते उणे 2.5 च्या मधला तो ऑस्टिओपेनिया. म्हणजे आईंच्याच वाटेवर मी, थोडी मागे.

डॉक्टरांनी जे समजावलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर... असो. वजन उतरतं तेव्हा फक्त चरबी उतरत नाही. नुसतं खाणं कमी केलं तर गेलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा, कधी त्याहूनही जास्त, चरबी सोडून इतर भाग असतो, आणि त्यात स्नायू येतात. हाडंही विरळ होतात, कारण त्यांच्यावरचा भार कमी झालेला असतो. त्यात पाळी गेल्यावर हाडांची झीज तशीही वाढते. काटा हे काहीच सांगत नाही. काट्याला मांडी आणि पोट यातला फरक कळत नाही. माझ्या बारा किलोंतले तीनेक किलो, ज्यांच्या जोरावर मी आईंना उठवलं असतं, ते मी स्वतःच्या हाताने घालवले होते आणि वर लोकांकडून कौतुक करून घेतलं होतं.

मग प्रथिनांचा हिशोब मांडला. (गणिताची शिक्षिका आहे, हिशोब मांडल्याशिवाय चैन पडत नाही.) आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा 2020 चा आकडा आहे दर किलो वजनामागे रोज 0.83 ग्रॅम. माझ्या 66 किलोंना झाले 55 ग्रॅम. वजन उतरवत असताना आणि व्यायाम करताना त्याहून जास्तच लागतात. माझ्या त्या कौतुकाच्या जेवणात जेमतेम तीस भरत होते. पातळ वरणाच्या वाटीत चार-पाच ग्रॅम, कोशिंबिरीत नावापुरतं.

आणि गंमत बघा, आमच्या वाशीम जिल्ह्यात जिकडे बघाल तिकडे सोयाबीन. ऑक्टोबरात आमच्याच अंगणात कट्ट्यांची थप्पी लागलेली असते. शंभर ग्रॅममध्ये पस्तीस-छत्तीस ग्रॅम प्रथिनं असलेलं हे धान्य आम्ही पिकवतो, भाव का पडला म्हणून रात्र रात्र चर्चा करतो, विकतो, आणि घरात त्याचा एक दाणा शिजत नाही! आता गव्हाच्या दळणात थोडं भाजलेलं सोयाबीन टाकते. (भाजूनच. कच्चं पचत नाही.) शिवाय घट्ट वरण, दही, रोज दोन अंडी आणि आठवड्यातून दोनदा सोया वड्यांची भाजी. शेंगदाण्याची चटणी सन्मानाने ताटात परत आली. हे वाढवण्याआधी डॉक्टरांनी मूत्रपिंडाची तपासणी करून घेतली, तेही सांगते, नाहीतर माझ्या सल्ल्याचाही कुणीतरी काला करेल.

आता व्यायाम. इथे मी दुसरी चूक केली. डॉक्टर म्हणाले होते, "वजनं उचलायला लागा, पण आधी फिजिओथेरपिस्टला भेटा." मी पहिला अर्धा भाग ऐकला. एका जिममध्ये बायकांसाठी सकाळचा तास असतो हे कळलं, गेले. दुसऱ्याच दिवशी शेजारची विशीतली मुलगी चाळीस किलो उचलत होती, म्हणून मी म्हटलं, मला निदान तीस तरी द्या. शिकवणाऱ्या मुलाने दिले. त्यालाही बिचाऱ्याला काय माहीत, मी काही सांगितलंच नव्हतं. दात-ओठ खाऊन, श्वास रोखून उचलले आणि कंबरेत अशी कळ गेली की घरी रिक्षाने आले. पुढचे तीन आठवडे आई आणि मी शेजारी शेजारी पलंगावर. एकीचा हात गळ्यात, एकीची कंबर शेकतेय. भेटायला येणाऱ्यांची चांगली सोय झाली.

मग मात्र मुकाट्याने वाशीमला फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिने काय द्यावं? खुर्ची! खुर्चीवर बसायचं, हात न टेकता उठायचं. आठ वेळा. थांबून परत आठ वेळा. दिवसाआड. मला अपमान झाल्यासारखं वाटलं. पण सातव्या वेळेला मांड्यांनी जे सांगायचं ते सांगितलं. भिंतीला हात लावून दंड. आणि वाकायला शिकणं! बावन्न वर्षं मी कंबरेतून वाकत होते. तिने झाडूची काठी पाठीला लावून दिली, डोकं, पाठ आणि माकडहाड तिन्ही काठीला चिकटलेलं राहिलं पाहिजे आणि वाकायचं जांघेतून. दोन आठवडे नुसतं हेच. मग शाळेच्या दप्तरात दोन किलो तांदूळ. मग तीन. पाच व्हायला दीड महिना लागला. अजून दोन-तीन वेळा जमलं असतं असं वाटत असतानाच थांबायचं, हा तिचा नियम. जोर लावताना श्वास सोडायचा, रोखायचा नाही, कारण रोखला की रक्तदाब एकदम चढतो. दुसऱ्या दिवशी अंग जड होणं, ठणकणं चालतं. सांध्यात टोचलं किंवा पायात मुंग्या आल्या तर बंद.

पिलाटीज आलं ते पुण्याहून. नणंदेची मुलगी शिकते तिथे. तिने व्हिडिओ कॉलवर सुरुवात करून दिली, पण आधी माझे रिपोर्ट मागितले. मी त्याआधी यूट्यूबवर बघून गुडघे छातीशी धरून चेंडूसारखं फरशीवर लोळून पाहिलं होतं. ती किंचाळलीच. "मामी! हाडं विरळ आहेत ना तुझी? पाठ गोल करून लोळायचं नाही, पोटाकडे मुडपून उठायचं नाही. मणक्यावर ताण येतो." म्हणजे पिलाटीजमधले जे चार प्रकार बघायला छान वाटतात तेच मला बंद. उरलेले दिसायला अगदीच काहीतरी. उताणं झोपायचं, गुडघे वर, श्वास सोडताना ओटीपोट आत घ्यायचं आणि एक पाय उचलायचा. कंबर फरशीवरून हलू द्यायची नाही. बास. पण करून बघा. पाचव्या वेळेला पाय कापायला लागतात.

ज्याच्या नावाने हे सगळं ओळखलं जातं तो जोसेफ पिलाटीज जर्मनीत 1883 साली जन्मला, लहानपणी दमेकरी, मुडदूस झालेला. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी जर्मन म्हणून त्याला नजरकैदेत ठेवलं, तिथेही त्याचे व्यायाम चालूच. 1926 मध्ये न्यूयॉर्कला गेला. हे वाचताना मला माहेर आठवलं. आमच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे जाऊन आपल्या खेळांची प्रात्यक्षिकं केली होती, ही गोष्ट बाबा दर पाहुण्याला ऐकवायचे. बाबांची मुद्गलाची जोडी घरात होती. भाऊ फिरवायचा. मी हात लावला की आजी म्हणायची, "पोरीच्या जातीले कायले पायजे? घागरी हायेत ना उचलाले."

हा घागरींचा मुद्दा मला शाळेतही ऐकायला मिळतो. "आपल्या आज्या कुठे जिमला जात होत्या? जातं, उखळ, विहीर, हाच व्यायाम." ऐकायला गोड आहे. पण त्याच आज्यांपैकी किती जणींचं अंग बाहेर आलेलं होतं, किती जणी कंबरेत काटकोनात वाकल्या होत्या, ते कुणी बोलत नाही. बाळंतपणानंतर महिन्याभरात डोक्यावर हंडा, पोटाला अर्धी भाकर. त्याला व्यायाम म्हणायला माझी जीभ धजत नाही. व्यायामात भार हळूहळू वाढतो, मध्ये विश्रांती असते आणि ताटात पुरेसं असतं. त्यांना यातलं एकही मिळालं नाही.

सात महिने झाले. दप्तरात आता बारा किलो आहेत. काटा 67 दाखवतो, म्हणजे एक किलो वाढलाच. शाळेत एक मॅडम म्हणाल्याच, "पुन्हा सुटलात की काय?" ब्लाउज मात्र पोटाकडे सैल झालेत. परवा जमिनीवर बसून तूर निवडली आणि उठताना कशालाही हात टेकला नाही. मी परत बसून परत उठून खात्री करून घेतली.

आणि आई. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या सूचनांमध्ये आहे की 65 च्या पुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तरी तोलाचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत. हे त्यांना सांगितल्यावर म्हणाल्या, "माह्यं आता काय राह्यलं वं?" पण मी खुर्चीवर उठबस करायला लागले की समोर येऊन बसायच्या, मोजायला. मग एक दिवस स्वतःची खुर्ची भिंतीला लावून घेतली. फिजिओथेरपिस्टला विचारून त्यांना दिलंय तेवढंच, पाच उठाबशा, ओट्याला धरून एका पायावर उभं राहणं आणि चांगल्या हातात पाण्याची एक लिटरची बाटली. "ते पिलाचं काय हाय ते तू कर, मी हे करते," म्हणतात. पिलाटीज हा शब्द काही त्यांच्या तोंडी बसत नाही.

काल बाटली खाली ठेवून म्हणाल्या, "हे आता काईच वाटत नाई. मोठी नाई का घरात?"

शोधली सगळीकडे. सगळ्या एक लिटरच्याच निघाल्या. आज शाळेतून येताना दोन लिटरची घेऊन यायचीय. भरताना मात्र दीडच लिटर भरणार आहे.