अनुक्रमणिका गेली, पाने राहिली

गेल्या श्रावणात आमच्या जुन्या संगणकावर विंडोज नव्याने बसविण्याचा प्रसंग आला. काम उरकल्यावर पाहतो तो वडिलांची कीर्तनाची टिपणे आणि पालखीची छायाचित्रे नाहीशी! वडील आज हयात नाहीत. त्यांच्या वह्यांना वाळवी लागली, म्हणूनच तर आम्ही ती टिपणे संगणकात उतरविली होती. दुसरी प्रत मात्र ठेवली नाही; दोष सर्वस्वी आमचाच.

जुन्या विंडोजवरच नवी चढविली, तर पूर्वीच्या फायली ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरात काही दिवस राहतात. येथे तर डिस्कच फॉरमॅट झालेली!

भाचा म्हणाला, “मामा, आधी यंत्र बंद करा. त्यावर आता एक अक्षरही लिहू नका.” फिरत्या तबकडीच्या डिस्कवर झटपट फॉरमॅट केले म्हणजे जणू अनुक्रमणिका तेवढी पुसली जाते, वर नवे काही लिहिले जाईपर्यंत पाने जागच्या जागीच असतात. एसएसडीत ही आशा फार थोडी.

डिस्क काढून त्याने आपल्या संगणकास जोडली आणि ‘फोटोरेक’ चालवून जे सापडेल ते निराळ्या डिस्कवर घेतले. सकाळी पाहतो तो शेकडो फायली. पण नावांच्या जागी नुसते आकडे. एकेक उघडून आम्ही ओळख पटविली. नव्या विंडोजने जी जागा व्यापली, तेथील टिपणे कायमची गेली.

उरले त्याच्या आता तीन प्रती आहेत. एक भाच्याच्या घरी.