दूध डेअरीला, पालाश ओढ्याला

संपादकांनी फोनवर ‘मातीविषयी काहीतरी हलकंफुलकं’ मागितलं. पहिल्या पावसाच्या मृद्गंधावर लिहिणारे महाराष्ट्रात पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा बरं लिहितात. माझा विषय वैरणीच्या पिकांची खतं. लग्नकार्यात कुणी ‘तुम्ही कशातले?’ असं विचारलं आणि मी ‘चारापिकं’ म्हटलं, की समोरचा दोन क्षण थांबतो आणि ‘बरं, डाळिंबावरच्या तेल्याला काय मारायचं?’ असं विचारतो. गवताचं काय, ते आपोआप उगवतं, ही समजूत शहरात आहे तशी खेड्यातही आहे. ज्याच्या दावणीला दहा गाई आहेत तोसुद्धा सगळ्यात हलकं रान वैरणीला ठेवतो आणि कांद्याला टाकून उरलेलं खत तिच्यावर फेकतो. त्यामुळे हलकंफुलकं काही जमेल असं वाटत नाही, असं मी संपादकांना सांगितलं. ते म्हणाले, चालेल, पण रासायनिक सूत्रं नकोत.

श्रावणातली एक घटना डोक्यातून जात नाही, ती आधी सांगतो. पारनेरच्या बाजूच्या एका तरुण पशुवैद्यांचा सकाळी फोन आला. ‘सर, दोन गाई गेल्यात, तिसरी धापा टाकतेय. गावातले म्हणतायत कोवळी ज्वारी लागली. पण रक्ताचा रंग बरोबर वाटत नाही.’ या पोराचं मला कौतुक वाटलं ते इथे. कोवळ्या ज्वारीतलं सायनाइडचं विष असेल तर रक्त लालभडक दिसतं. याला दिसलं ते चॉकलेटी, आणि हिरड्याही मातकट. ही लक्षणं नायट्रेटची. त्यानं वेळ न घालवता मिथिलीन ब्लू शिरेतून दिलं आणि तिसरी गाय वाचली.

दुसऱ्या दिवशी मी गेलो. बहुकापणीची ज्वारी, दहा गुंठे. पहिली कापणी झाल्यावर मालकानं युरियाचं अख्खं पोतं त्यावर फेकलं होतं. पंचेचाळीस किलोंच्या पोत्यात जवळजवळ एकवीस किलो नत्र येतं, म्हणजे कापणीनंतर द्यायच्या मात्रेच्या तीन-चार पट. पुढे तीन आठवडे पावसानं दडी मारली, विहीर खरवडली, फुटवे जागच्या जागी थांबले. मग चांगला पाऊस झाला, ज्वारी तरारली, आणि तिसऱ्या दिवशी कापून गव्हाणीत टाकली. मी एक ताट बुडख्यापासून उभं चिरलं आणि खालच्या पेऱ्यावर नायट्रेट ओळखणाऱ्या डायफिनाइलअमाइनचे दोन थेंब टाकले. गंधकाम्लात विरघळवलेलं असतं ते, हातमोज्याशिवाय त्याला हात लावू नये. थेंब पडताक्षणी पेरं शाईसारखं निळं झालं. मधल्या पेऱ्यावर रंग फिका पडला, शेंड्याच्या पानावर जवळजवळ आलाच नाही. मालकाची आई शेजारी उभी राहून बघत होती. ‘असली काळोखी गावात कुणाच्या चाऱ्याला नव्हती हो सर,’ एवढंच ती म्हणाली.

झालं होतं ते असं. मुळं जमिनीतलं नत्र बहुतेक नायट्रेटच्या रूपात उचलतात आणि झाड त्याचं प्रथिन करतं. त्या कामाला ऊन लागतं, पाणी लागतं, वाढ चालू असावी लागते. ताण पडला की हे काम बंद पडतं, पण पहिल्या पावसाबरोबर मुळं आधी जागी होतात आणि समोर पडलेलं सगळं नत्र वर ओढतात. ते बुडख्यात साचतं. गाईच्या पोटात त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला जखडतं, आणि छातीत हवा भरलेली असताना जनावर गुदमरून मरतं. उरलेली ज्वारी वाळवून घालू का, असं मालकानं विचारलं. सायनाइडचं विष वाळवल्यावर बरंचसं उडून जातं, नायट्रेट मात्र वाळलेल्या वैरणीत तसंच राहतं. मुरघासात ते निम्म्याच्या आसपास उतरतं, तेही मुरघास नीट मुरला तर. मी त्याला आठवडाभर थांबायला, मग जमिनीपासून फूटभर बुडखा ठेवून कापायला आणि कडब्यात मिसळून थोडं थोडं घालायला सांगितलं. गावात अजून ‘कोवळी ज्वारी लागली’ हेच चालू आहे. पुढच्या वर्षी तिथले लोक ज्वारीला घाबरतील. युरियाला कुणी घाबरणार नाही.

घाबरावं तरी का? पोतं २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. २०१० साली पोषणद्रव्यांवर आधारित अनुदान आलं, त्यात स्फुरद आणि पालाश यांच्या किमती सुटल्या आणि युरियाची सरकारनं धरून ठेवली. पालाश देणारा म्युरेट ऑफ पोटॅश सगळा बाहेरच्या देशांतून येतो, आणि त्याचं पोतं युरियाच्या कितीतरी पट महाग. शिवाय युरिया चार-सहा दिवसांत डोळ्यांना दिसतो, पानावर काळोखी येते. पालाश टाकून काही दिसत नाही, आणि न टाकून जे होतं तेही दोन-तीन वर्षं दिसत नाही. कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाला यातलं काय विकत घ्यावंसं वाटेल हे सांगायला कृषी पदवी लागत नाही.

इंग्लंडमध्ये रॉथमस्टेडला गवताचं एक कुरण आहे, पार्क ग्रास नावाचं. लॉज आणि गिल्बर्ट या दोघा शास्त्रज्ञांनी १८५६ साली, आपल्याकडच्या सत्तावनच्या बंडाच्या आदल्या वर्षी, तिथे वेगवेगळ्या तुकड्यांना वेगवेगळी खतं द्यायला सुरुवात केली, आणि तो प्रयोग आजही चालू आहे. गवत कापायचं, वजन करायचं, उचलून न्यायचं. माझ्या मते आमच्या सगळ्या शास्त्रात याच्याइतकं चिकाटीचं काम दुसरं नाही. त्यातला निष्कर्ष मी प्रत्येक शेतकरी मेळाव्यात सांगतो आणि प्रत्येक वेळी पाठीमागच्या रांगा चहाला उठतात. ज्या तुकड्यांना नुसतं नत्र मिळत आलं, त्यांचं उत्पादन काहीही न दिलेल्या तुकड्यांपेक्षा सरस नाही. स्फुरद आणि पालाश संपलेले, नत्र घेऊन गवत करणार काय? उलट ज्यांना नत्राचा कणही दिला नाही पण स्फुरद-पालाश दिला, तिथे द्विदल वनस्पती माजल्या, त्यांनी हवेतलं नत्र बांधलं, आणि गवत भरघोस आलं. अमोनियम सल्फेट मिळालेले आणि चुना न दिलेले तुकडे तर इतके आंबट झाले की तिथे मोजक्याच जाती तग धरून आहेत.

आपल्याकडे हेच काम लसूणघास करतो. त्याचं मूळ हलक्या हातानं उपटून त्यावरची एखादी गाठ नखानं फोडून पाहा. आत गुलाबी दिसली तर ती नत्र बांधते आहे. हिरवट किंवा राखाडी असेल तर काम बंद आहे. घासाला दर कापणीला युरिया मारणारे आहेत. त्यांच्या रानातल्या गाठी मी पाहिल्या आहेत; त्या नसल्यातच जमा. फुकटचा कारखाना बंद करून तेच नत्र दुकानातून आणायचं, असा हा व्यवहार. घासाला हवा असतो स्फुरद, तो सुपर फॉस्फेटमधून दिला तर गंधकही आपसूक मिळतं.

आता पालाश. इथे मी लांबण लावणार आहे, वाचकांनी सांभाळून घ्यावं. ‘काळ्या जमिनीत पालाश भरपूर असतो, वेगळा द्यायची गरज नाही’ हे वाक्य मी विद्यार्थी असताना ऐकलं आणि माझ्यापेक्षा ज्येष्ठ, अभ्यासू माणसं ते आजही म्हणतात. त्यांचा आधार खोटा नाही. माती परीक्षणाच्या अहवालात आपल्या काळ्या रानाचा पालाश बहुतेक वेळा हेक्टरी २८० किलोंच्या वर, म्हणजे ‘जास्त’ या रकान्यात असतो. पण अहवाल मोजतो काय? मातीच्या कणांना वरवर चिकटलेला, सहज सुटणारा पालाश. आपल्या काळ्या मातीत स्मेक्टाइट जातीची चिकणमाती असते, तिला असा वरचा पालाश धरून ठेवता येतो. त्याच्या मागे कणांच्या थरांत अडकलेला जो साठा लागतो, तो मात्र आपल्याकडे बेताचा. पंजाबच्या गाळाच्या मातीत अभ्रकासारखी खनिजं असतात, तिथे वरचा पालाश कमी दिसला तरी मागचं कोठार मोठं असतं. आपली माती ज्या काळ्या बसाल्टपासून झाली त्या खडकातच पालाश कमी. म्हणजे आपला पालाश बराचसा खिशात, तिजोरीत थोडाच, आणि अहवाल फक्त खिसा तपासतो. तिजोरी बघायची तर माती नायट्रिक आम्लात उकळावी लागते. ते नेहमीच्या तपासणीत कुणी करत नाही.

दुसरा मुद्दा त्याहून महत्त्वाचा. पालाशाला प्रतिसाद नाही असं दाखवणारे प्रयोग बहुतेक धान्याच्या पिकांवरचे. ज्वारीच्या दहा क्विंटल दाण्यात पालाश जातो चार-पाच किलो. बाकीचा कडब्यात असतो. चाऱ्याच्या पिकात दाणा आणि कडबा असा भेद नाही, सगळंच उचललं जातं. फुले जयवंतसारखं संकरित नेपिअर गवत घ्या. एकरी वर्षाला ६० टन हिरवा चारा निघाला असं धरू. चांगल्या रानात याहून जास्त निघतो. त्यातला कोरडा भाग पाचवा हिस्सा, म्हणजे १२ टन. कोरड्यात दोन टक्के पालाश धरला तर २४० किलो. खताच्या भाषेत तो ऑक्साइडच्या रूपात मोजतात, तसा २८८ किलो. एवढा भरून काढायचा तर म्युरेट ऑफ पोटॅशची जवळजवळ दहा पोती लागतील, किंवा पन्नास-साठ टन शेणखत. ठोंबं एकदा लावली की तीन-चार वर्षं रानात राहतात. दरवर्षी दहा पोती उचलायची आणि अहवालाच्या ‘जास्त’ रकान्याकडे बोट दाखवायचं, हे किती वर्षं चालेल? तिसऱ्या वर्षी जुन्या पानांच्या कडा करपतात, ठोंबं विरळ होतात, आणि शेतकरी म्हणतो, बियाणं खराब निघालं.

माझ्या विरोधकांकडे एक चांगलं उत्तर आहे, ते लपवत नाही. पालाश समोर असला की गवत गरजेपेक्षा जास्त उचलतं. आम्ही त्याला चैनीचं शोषण म्हणतो. म्हणजे माझ्या २४० किलोंतला काही भाग निव्वळ चैन आहे. शिवाय असा पालाशानं भरलेला चारा गाईच्या अंगात मॅग्नेशियम कमी पडू देतो, हेही खरं. म्हणून दहाही पोती आणून टाका असं मी कधीच सांगितलेलं नाही. थोडा थोडा, दर दोन कापण्यांनंतर द्या, एवढंच सांगतो. तेही सांगताना जीभ अडखळते. दुधाचा दर ज्या घरात दर महिन्याला शिव्या खातो, त्या घरात महागडं पोतं आणा म्हणून सांगायचं कुठल्या तोंडानं? साखर कारखान्यांच्या आसवनीच्या राखेपासून केलेला पोटॅश आता मिळतो. त्यात साडेचौदा टक्के पालाश असतो. जवळ मिळत असेल तर जरूर घ्यावा.

पण मूळ प्रश्न पोत्याचा नाहीच. रानातून निघालेले ते २४० किलो गेले कुठे, हे कुणी विचारत नाही. विचारलं तर उत्तर येतं, दुधात गेले. हिशेब करा. गाय दिवसाला बारा किलो कोरडा चारा खाते, त्यात २४० ग्रॅम पालाश. वीस लिटर दुधातून बाहेर जातो सुमारे तीस ग्रॅम. बाकीचा दोनशे ग्रॅम गाय परत देते, त्यातला बहुतेक मूत्रातून. गोठ्याला कोबा झाला, गोठा धुवायला मोटर आली, आणि हे मूत्र नालीतून थेट ओढ्याला लागलं. पूर्वी गव्हाणीखालची मुरमाड जमीन ते शोषायची आणि वर्षाकाठी ती खणून रानात टाकत. कोबा स्वच्छ, दूध स्वच्छ, डेअरीवाले खूश. शेण उकिरड्यावर जातं, तिथे उघड्यावर पावसात भिजतं आणि त्यातून तपकिरी पाणी वाहतं. त्या पाण्यात काय आहे हे आता सांगायला नको.

पुण्याच्या एका सोसायटीत मला व्याख्यानाला बोलावलं होतं. तिथे मी हे सगळं सांगितलं. प्रश्न एकच आला, आणि तो चार जणांनी विचारला: चाऱ्याला युरिया टाकला तर दुधात युरिया उतरतो का? दुधात युरिया निसर्गतःच असतो, आपल्या मानकात शंभर मिलिलिटरला सत्तर मिलिग्रॅमपर्यंत मान्य आहे, आणि तो वाढतो तो मुख्यतः गाईच्या आहारात प्रथिनं आणि ऊर्जा यांचा मेळ बसला नाही की. भेसळ हा वेगळा विषय, त्याला पोलीस आहेत. एका बाईंनी ‘मग रसायनं बंदच का करत नाही?’ असं विचारलं. माझं उत्तर त्यांना आवडलं नसावं. एकरी साठ टन उचलून नेणाऱ्या रानाला ते द्रव्य कुठून तरी मिळालं पाहिजे. पोत्यातून आलं काय आणि नालीतून आलं काय, मुळाला फरक कळत नाही. फरक पडतो तो शेतकऱ्याच्या खिशाला, आणि तो नालीच्या बाजूनं पडतो.

तेव्हा हा अंक ज्यांच्या गोठ्यात दावं आहे अशा घरांत गेला असेल तर त्यांना दोन कामं सांगतो. नेपिअर लावून दोन वर्षांच्या वर झाली असतील तर दिवाळीनंतर, खत टाकायच्या आधी, त्या रानाची माती वेगळी तपासायला द्या. कांद्याच्या रानाचा नमुना तिला चालत नाही. आणि गोठ्याची नाली जिथे सुटते तिथे एक टाकी बांधा, झाकण घाला. एक गाय दिवसाला दहा-पंधरा लिटर मूत्र देते. ते साठलं की पाटाच्या पाण्याबरोबर, पानावर न उडवता, वैरणीला सोडा आणि त्या हंगामात युरियाचं निदान एक पोतं कमी आणा.